राखी कुठल्या जातीची?

माझा भाचा दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागांची औषधं पोचवायचं काम करतो. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो नाशिकमध्ये हिरावाडीतल्या माझ्या दुकानाच्या पायरीवर द्राक्षाचं एक क्रेट ठेवून उभा राहिला. वर गोणपाट बांधलेलं. "मावशी, रागावू नको," एवढंच म्हणाला. गोणपाट उचललं तर आत ससा. पण ससा म्हटल्यावर डोळ्यांपुढे जो ओंजळीत मावणारा पांढरा जीव येतो, तसा नव्हे. अख्खं क्रेट त्याने भरून गेलेलं. रंग चुलीतल्या राखेसारखा, गळ्याखाली जाड वळी, आणि दोन्ही कानांच्या आत तपकिरी खपल्यांचे थरावर थर, जळक्या पापडासारखे.

एका शेतकऱ्याने ससेपालनाची शेड बंद केली होती. बाकीचे ससे मिळेल त्या भावाने गेले, हिचे कान बघून कुणी हात लावेना. "उद्या सोडून देईन म्हणत होता बांधावर," भाचा म्हणाला. पाळलेला ससा बांधावर सोडला तर कुत्री एक रात्र काढू देत नाहीत. मी क्रेट आत घेतलं.

माझा धंदा शिवणकामाचा. येवल्याच्या पैठण्यांवरचे ब्लाउज, लग्नसराईत नऊवारी शिवून देणं, अशी सव्वीस वर्षं गेली. जनावर म्हणून घरात कधी मांजरसुद्धा नव्हतं. धाकटीने त्या रात्रीच नाव ठेवून टाकलं, राखी. रंगावरून आणि सणावरूनही. नर की मादी हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, पण नाव बरोबर निघालं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या दवाखान्यातून आम्हाला परत पाठवलं. तिथे फक्त कुत्री-मांजरी बघतात. मग गंगापूर रोडवरच्या एका डॉक्टरांचा पत्ता मिळाला. त्यांनी तिला टेबलावर घेतलं तेव्हा एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली दिला. सशाला कान धरून उचलायचं नसतं, आणि मागचा भाग लोंबकळत ठेवला तर तो इतक्या जोरात लाथ मारतो की स्वतःचाच कणा मोडून घेतो, हे मला तिथे कळलं. मादी आहे, कानात माइट म्हणजे बारीक किडे झालेत, मागच्या तळव्यांना जाळीच्या पिंजऱ्यामुळे जखमा आहेत, हे सगळं त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. मानेच्या कातडीखाली इंजेक्शन दिलं. खपल्या ओढून काढायच्या नाहीत, त्या आपोआप सुटतील, म्हणाले. आणि एक गोष्ट मोठ्याने बजावली. कुत्र्यांच्या पिसवांसाठी मानेवर टाकायचे जे थेंब मिळतात, त्यांतलं फिप्रोनिल सशाला विषासारखं आहे. बरं झालं बजावलं, कारण वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तीच बाटली मला आपुलकीने देऊ केली होती.

मग वजन केलं. ४.१ किलो.

"जात कुठली?" डॉक्टरांनी विचारलं.

"माहीत नाही."

ते जरा थांबले. "कॅलिफोर्नियन असती तर ४.१ म्हणजे पुरं वजन. एखादी जायंट जातीची असेल तर ही उपाशी आहे. खाणं किती द्यायचं, पिंजरा केवढा हवा, सगळं त्यावर ठरतं. बघा काही कळतंय का."

त्यांनी माझा हात धरून तिच्या पाठीवर ठेवला. वरून लव दाट, म्हणून ती गुबगुबीत दिसत होती. पण तळवा दाबला तर मणके एकेक मोजता येत होते, जपमाळेसारखे. कापड अंगावर कसं बसतं आणि आत अंग किती आहे यातला फरक ओळखणं हे माझं रोजचं काम, आणि मी रात्रभर घरात असलेल्या जिवाच्या बाबतीत फसले होते. तिथून मी जातीच्या मागे लागले. मिरवायला मला जात नको होती. तिची भूक किती ते मला कळायला हवं होतं.

पहिला अडथळा शेजाऱ्यांकडून आला. गल्लीत कुणीतरी ठामपणे सांगितलं की हा रानससा आहे, घरात ठेवलात तर वनखात्याची केस होईल. ही भीती अगदीच खोटी नव्हती. आपल्या माळरानावर रात्री गाडीच्या उजेडात उड्या मारत जातो तो ससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, तो पाळता येत नाही. राखीचा रंगही लांबून तसाच. मी दोन दिवस शटर अर्धं ओढून काम केलं. डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी मानेमागे बघायला सांगितलं. आपल्याकडच्या रानसशाच्या मानेवर काळा पट्टा असतो, त्याचं शास्त्रीय नावच मुळी 'काळ्या मानेचा' या अर्थाचं आहे. राखीच्या मानेवर उलट फिकट, पांढुरका त्रिकोण होता. रानससा अंगाने सडसडीत, पाय लांबलचक, जन्मभर पळण्यासाठी बनलेला. राखी म्हणजे बसकी उशी. आणि मुळात दोघांचं कूळच वेगळं. घरात पाळले जाणारे सगळे ससे, मग तो दोन किलोचा असो की सात किलोचा, युरोपातल्या बिळात राहणाऱ्या एकाच रानटी जातीपासून आलेले आहेत. आपल्या माळावरचा ससा बीळ करत नाही आणि त्याचा या सशांशी संकरही होत नाही.

मराठीत दोघांनाही ससाच म्हणतात, त्यामुळे हा घोळ होतो. मला तोवर हा फरक माहीत नव्हता.

मग सुरू झाला नावांचा पाऊस. पाळीव प्राणी विकणाऱ्या एकाने मोबाइलवरचा फोटो बघून "फ्लेमिश जायंट" असं सांगितलं आणि विकायची का म्हणून विचारलं. भाच्याच्या मित्राने "जर्मन" म्हटलं. आणखी एकाने "हायब्रीड", जणू ती एखादी जातच आहे. फ्लेमिश जायंट हे नाव ऐकून घरात सगळे हरखले. बेल्जियममधली ही जुनी जात, सहा-सात किलोच्या पुढे सहज जाते. तशी असेल तर ४.१ किलो म्हणजे ती निम्मी झालेली, आणि त्या विचाराने मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी मी गळ्यातली टेप काढली. मापं घ्यायला हात सरावलेला आहे, फक्त गिऱ्हाईक हलणारं होतं. धाकटीने पुढे कोथिंबीर धरली आणि मी मुळापासून टोकापर्यंत कान मोजला, १३ सेंटिमीटर. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, अंग सैल सोडून पसरली होती तेव्हा, ५६. वाढ पूर्ण झालेल्या फ्लेमिशचा कान १५ च्या पुढे असतो आणि अंगही याहून बरंच लांब. माणूस वाळला तर त्याची छाती-कंबर उतरते, बाहीची लांबी उतरत नाही. उपासमारीने कान आखूड होत नाही. फ्लेमिश बाद.

पण ती अजून वाढत असेल तर? मोठ्या जातींचे ससे वर्ष-दीड वर्षापर्यंत भरत राहतात. सशाचे दात जन्मभर वाढतच असतात, त्यामुळे बैलाचे दात बघून वय सांगतात तसं इथे चालत नाही. डॉक्टरांनी नखं, तळवे, गळ्याखालची ती जाड वळी बघून सांगितलं की ही वर्षाच्या आतली नक्की नाही. ती वळी मोठ्या जातींच्या माद्यांना वयात आल्यावर सुटते, आणि तिला आणखी एक काम असतं. ते मला पुढे दिसलं.

आता राहिला रंग. मी इतके दिवस तिला 'राखाडी' म्हणत होते, आणि तिथेच माझं चुकत होतं. डॉक्टरांनी एक साधी गोष्ट करायला सांगितली, पाठीवरच्या लवेत फुंकर मारा. दुपारी दुकान बंद असताना खिडकीच्या उजेडात तिला घेऊन बसले आणि हळूच फुंकर मारली. लव फुलासारखी उमलली आणि आत गोल गोल कडी दिसली. कातडीजवळ गडद, पाटीच्या दगडासारखा निळसर काळा रंग. त्यावर मोत्यासारखा पांढरा पट्टा. आणि सर्वांत वर काळी टोकं. एकेका केसावर तीन रंग, आणि तिन्ही मिळून लांबून राख. पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घालून धूपछाव साधतात, त्याची आठवण झाली. मी पुन्हा पुन्हा फुंकर मारत राहिले. राखीने शेवटी कंटाळून पाय आपटला.

हा मधला पट्टा महत्त्वाचा. रानटी रंगाच्या सशांत, आणि मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या ग्रे जायंटसारख्या जातींत, तो पट्टा पिवळट तांबूस असतो. राखीच्या अंगावर पिवळा कुठेच नव्हता. कानांच्या कडांना काळी किनार, पोट पांढरं, शेपूट वरून काळं आणि खालून पांढरं. या रंगाला चिंचिला म्हणतात. दक्षिण अमेरिकेच्या पहाडांत चिंचिला नावाचा एक छोटा प्राणी आहे, त्याच्या फरसाठी माणसांनी त्याला जवळजवळ संपवलं. त्याच्यासारखी लव असलेला ससा १९१३ साली फ्रान्समध्ये पहिल्यांदा लोकांपुढे आला आणि तेव्हापासून त्या रंगाच्या लहान-मोठ्या कितीतरी जाती निघाल्या.

त्यांतली भारतात धंद्यासाठी सर्वांत जास्त पसरलेली म्हणजे सोव्हिएत चिंचिला. नाव सांगतं तशी तेव्हाच्या सोव्हिएत संघातून आलेली. चिंचिला रंगाचे ससे आणि मोठे पांढरे व्हाइट जायंट यांच्या संकरातून ती तिथे तयार केली. राजस्थानात अविकानगरला १९६२ पासून केंद्रीय मेंढी आणि लोकर संशोधन संस्था आहे. तिचं एक केंद्र हिमाचलात कुलूकडे गडसाला, एक तमिळनाडूत कोडाईकॅनॉलजवळ मन्नवनूरला. या ठिकाणी सशांवर काम चालतं, आणि देशभरच्या शेडमधून जे सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट दिसतात त्यांची नावं तिथून रुळली. चांगल्या सोव्हिएत चिंचिलाचं वजन साडेचार-पाच किलो. म्हणजे राखी उपाशीच, पण निम्मी झालेली नाही. अर्धा-पाऊण किलो भरून काढायचं होतं. मला हायसं वाटलं.

तरी खात्री हवी होती, म्हणून शेडच्या मालकाचा नंबर भाच्याकडून घेतला. माणूस फोनवर आधी बोलायलाच तयार नव्हता. मी त्याला जाब विचारायला फोन केलाय असं त्याला वाटलं. राखी जिवंत आहे आणि कान बरे होतायत म्हटल्यावर त्याचा आवाज बदलला. त्याने कर्ज काढून युनिट घेतलं होतं, सात माद्या, तीन नर. पिल्लं आम्ही परत विकत घेऊ असा युनिट विकणाऱ्यांचा लेखी करार होता. पहिल्या दोन खेपा उचलल्या आणि मग फोन लागेनासा झाला. पुढे खाद्याचे पैसे सुटेनात. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ससे पटापट मेले. तीस अंशांच्या वर सशाला धाप लागते, त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याचे कानच काय ते कामी येतात. आणि दिंडोरीत मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते वेगळं सांगायला नको. "ताई, माझी पण चूक झाली, पण मी मुद्दाम नाही केलं," तो म्हणाला. मी त्याच्यावर काय रागावणार. ज्यांनी गोड बोलून युनिट विकलं, त्यांचा मात्र मला आजही राग येतो. माणूस आणि जनावर दोघांनाही त्यांनी एकाच जाळीत कोंडलं.

त्याच्या पावतीवर जातीच्या जागी लिहिलेलं होतं, 'हायब्रीड'. आणि एक गोष्ट त्याने सहज बोलता बोलता सांगितली. शेवटी शेवटी पिंजरे कमी पडले तेव्हा नर-माद्या एकत्र होत्या, आणि उरलेले दोन्ही नर पांढरे होते.

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी तारीख मोजली. सशाचे गर्भारपणाचे दिवस तीस ते बत्तीस. "महिनाभर वाट बघा. एका कोपऱ्यात खोकं ठेवा," म्हणाले.

गणपती आले. आमच्या घरी दीड दिवसाचा, पण गौरींपर्यंत गल्लीत रोज ढोल. नाशिकचा ढोल म्हणजे छातीत वाजतो, मला लहानपणापासून त्याचं वेड, पण त्या वर्षी पहिल्यांदा वाटलं की जरा लांबून जावा. ससा दचकला तर खाणं सोडतो, आणि सशाचं पोट एक दिवस रिकामं राहिलं तरी आतडी थांबतात. मी दुकानाच्या मागच्या खोलीत कपड्यांचे तागे चारही बाजूंनी उभे करून तिला आडोसा केला. कापडाने आवाज खरंच मरतो. पूजेच्या जुड्या बांधून उरलेल्या दूर्वा सासूबाई रोज तिच्यापुढे ठेवत. दूर्वा म्हणजे हरळीच, सशासाठी याहून चांगला चारा नाही. ढोल अगदी कोपऱ्यावर असतानाही ती एकेक काडी आत ओढत खात राहायची, आणि तो कुरकुर आवाज ऐकू आला की मला धीर यायचा.

गौरी उठल्या त्या रात्री तिने गळ्याखालच्या वळीची लव दातांनी उपटायला सुरुवात केली. मूठ मूठ लव, तोंडात धरून खोक्यात न्यायची, सुक्या गवतावर पसरायची, परत यायची. मोठ्या माद्यांना ती वळी का असते ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बाळंतपणाची दुपटी त्या स्वतःच्या अंगावर वागवतात.

पहाटे खोक्यातली लव हलत होती. दार बंद करून, मोबाइलचा उजेड बोटांतून गाळत मी लव बाजूला केली. पाच पिल्लं. अंगावर केस नाही, डोळे बंद, प्रत्येक माझ्या बोटाएवढं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक ठेवलं तर ५४ ग्रॅम. गल्लीतल्या वादाचा निकाल तिथेच लागला होता. रानसशाची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात, उघड्या माळावर जन्मायचं म्हणून. बिळात जन्मणाऱ्या कुळाची पिल्लं अशी उघडी आणि आंधळी असतात.

पण मी बघत राहिले ते वेगळंच. केस नसले तरी कातडीवर रंग असतो. दोन पिल्लं नखशिखांत गुलाबी. एक पूर्ण काळपट, कान-पोटासकट. आणि दोन पाठीवर काळपट पण पोट आणि कानांची आतली बाजू फिकट. मी पाचही पिल्लांचा फोटो डॉक्टरांना पाठवला आणि सकाळी नऊ वाजता त्यांचा फोन आला, आवाजात उत्साह.

त्यांनी मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. सशाला रंगाचं एक वाण आईकडून मिळतं, एक बापाकडून. चिंचिला वाण वरचढ, पांढरं वाण दबून राहणारं. लाल डोळ्यांचा पांढरा ससा हवा तर दोन्हीकडून पांढरंच वाण यावं लागतं. बाप पांढरा असल्याने त्याच्याकडे दुसरं द्यायला काही नव्हतंच. पण राखीची दोन पिल्लं पांढरी निघाली याचा अर्थ राखीच्या आतही एक वाण पांढरं आहे. वरून चिंचिला आणि आत पांढरं अस्तर. अस्तर बाहेरून दिसत नाही, शिवण उसवल्यावर दिसतं. आणि ते काळं पिल्लू सांगत होतं की केसावर कडी न उमटवणारं वाणही तिच्यात लपलेलं आहे. पिढ्यान् पिढ्या शुद्ध राखलेल्या चिंचिलाच्या पोटी सहसा असं होत नाही. म्हणजे राखीच्या मागे कुठेतरी न्यूझीलंड व्हाइट किंवा व्हाइट जायंट आहे, अशाच एखाद्या शेडमध्ये मिसळलेलं. (न्यूझीलंड व्हाइट ही जात न्यूझीलंडची नाही, अमेरिकेत तयार झालेली. हे मला कळलं तेव्हा मी धाकटीला दोनदा तपासायला लावलं.)

मी लव उलटी फिरवूनही पाहिलं होतं. मखमलीवर उलटा हात फिरवतो तसा. न्यूझीलंड व्हाइटची लव हात काढताच झटकन जागेवर बसते. मोठ्या जुन्या जातींची सावकाश परतते. राखीची पाठीवर सावकाश, कुल्ल्यांवर झटकन. यावरून डॉक्टर काही ठरवायला तयार नव्हते, पण माझ्या हाताला ते कळत होतं आणि मी ते वहीत लिहून ठेवलं.

पिल्लांचे पहिले दहा दिवस मी फार घाबरले. राखी त्यांच्याकडे फिरकतच नव्हती. सासूबाईही म्हणाल्या, आईने टाकलं वाटतं. पण सशाची आई दिवसातून एकदा, फार तर दोनदा, पाचेक मिनिटं पाजते आणि लांब जाते. वासाने कोल्ह्या-कुत्र्याला बिळाचा पत्ता लागू नये म्हणून. पिल्लांची पोटं बघायची, एवढंच आपल्या हातात. पोट टम्म गोल असेल तर पाजलं. सुरकुतलेलं असेल तर धोका. रोज पहाटे मी पाच पोटं बघायचे. एक पांढरं पिल्लू चौथ्या दिवशी गेलं, रात्री थंडाव्यात बाकीच्यांपासून बाजूला सरकलं होतं. त्याला तुळशीच्या कुंडीजवळ पुरलं. बाकीच्या चौघांचे डोळे अकराव्या दिवशी उघडले. चंदेरी दोघांच्या अंगावर तोवर फुंकर मारण्याइतकी लव आली होती, आणि फुंकर मारली तर आत तीच कडी, आईसारखीच, फक्त बारीक.

आठ आठवडे आईजवळ ठेवून मग घरं बघितली. दोन सिन्नरला नात्यात गेली, एक इंदिरानगरला, काळं माझ्याकडे राहिलं. तेही मादी निघालं, नाहीतर वेगळं ठेवावं लागलं असतं. हे लवकर सांगून टाकते, पण पिल्लू देण्याआधी मी प्रत्येक घर जाऊन पाहिलं, जाळीचा पिंजरा दिसला की परत आले.

राखीचं वजन बाळंतपणानंतर ३.७ वर आलं. म्हणजे पिल्लांसाठी तिने स्वतःचं अंगही झिजवलं होतं, आणि ती आणखी वाळली होती. तिला खाऊ घालायची घाई करायची नाही, हे डॉक्टरांचं बोलणं मी तंतोतंत पाळलं. पोटभर सुकं गवत, त्यावर हरळी, मारवेल, मूठभर कोथिंबीर-मेथी, आणि पाजत होती तोवर लसूणघास. द्राक्षाची पानं नाशिकमध्ये फुकट मिळतात, ससे ती आवडीने खातात, पण बागेत फवारणी किती असते ते भाचाच सांगतो, त्यामुळे शेजारच्या अंगणातल्या मांडवावरची तेवढी दिली. तळव्यांसाठी मी गोणपाटाच्या दोन घड्यांमध्ये भुसा भरून गादी शिवली आणि वर गवत अंथरलं. शिवताना दोरा तागाचाच घेतला, चघळला तरी पोटात नायलॉन जाऊ नये म्हणून. दोन महिन्यांत तळव्यांवर लव परत आली.

वजन दर रविवारी, एकाच वेळी, वहीत. ३.७, ३.९, ४.२, ४.४. डिसेंबरच्या थंडीत निफाडचा पारा पेपरात येऊ लागला तेव्हा ती ४.८ वर पोचली, आणि पुढचे सहा रविवार तिथेच थांबली. पाठीवर तळवा दाबला तर मणके लागतात, पण एकेक मोजता येत नाहीत. साडेचार ते पाचमधली जात, असं टेप आणि फुंकर सांगत होती. काट्यानेही तेच सांगितलं.

फेब्रुवारीत ऊन वाढायच्या आत तिचं गर्भाशय काढायचं ठरलं. ऑपरेशन न झालेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण फार आहे, आणि मोठ्या सशाला भूल किती द्यायची हे वजनावर ठरतं, म्हणून आता ४.८ या आकड्यावर माझा भरवसा होता. माणसाला उपाशी ठेवतात तसं सशाला ऑपरेशनआधी ठेवत नाहीत. त्याला उलटी होतच नाही, आणि पोट रिकामं राहिलेलं त्याला सोसत नाही. मी डब्यात दूर्वा भरून नेल्या.

काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे ओढला. नाव, वय, वजन भरलं. "जात काय लिहू काकू?"

"सोव्हिएत चिंचिला, मिश्र," मी म्हटलं. "पांढऱ्याचं रक्त आहे तिच्यात. आणि काळ्याचंही."

तिने तसंच लिहिलं. संध्याकाळी सहाला राखी शुद्धीवर आली तेव्हा डोळे अर्धे मिटलेले होते, पोटावर चार इंच लव काढलेली, टाके आतून घातलेले, बारीक आणि सरळ. मी नाकापुढे दूर्वेची एक काडी धरली. तिने बराच वेळ नुसता वास घेतला. मग काडी आत ओढली, आणि तो कुरकुर आवाज आला.